डाव्या हाताची गाठ

माझा खरेपणा आमच्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहे. पत्त्यांच्या डावात माझ्याकडून चूक झाली तर कोणी पकडायच्या आत मीच सांगते. भाजीत मीठ दोनदा पडलं तर पानं मांडायच्या आधी कबूल करते. नातवंडं म्हणतात, आजीला खोटं बोलताच येत नाही. मी ऐकून घेते. हा खरेपणा मी कुठं शिकले हे त्यांना ठाऊक नाही. ते आज सांगते.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं. ह्यांना तिथं नोकरी लागली आणि मी बोईसर स्टेशनवर एक ट्रंक, एक वळकटी आणि माहेरचं शिवणयंत्र घेऊन उतरले. मी साताऱ्याकडची. नदीच्या डोहापलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओहोटी होती, आणि मैलभर नुसता चिखल नि काळे खडक. मी ह्यांना म्हटलं, “अहो, हाच का तुमचा समुद्र?” हे म्हणाले, “लोकांसमोर असलं काही बोलू नकोस.” आमच्या संसारात हे वाक्य मी फार वेळा ऐकलं.

वसाहतीत परदेशी माणसं होती. बहुतेक अमेरिकन, एक इटालियन जोडपं आणि एक जपानी ब्रह्मचारी. त्यांना शिडाच्या होड्यांचं वेड. मोठमोठी यंत्रं ज्या खोक्यांतून आली त्या खोक्यांच्या प्लायवूडच्या त्यांनी सहा होड्या बांधल्या होत्या. आमच्या वाट्याला आली तिच्या आतल्या अंगाला इंग्रजीत ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं आणि बाण नेमका खाली होता. एका होडीत दोन माणसं, शक्यतो नवराबायको. ह्यांच्या अमेरिकन साहेबांनी आम्हाला बोलावलं आणि साहेबांनी बोलावल्यावर हे विहिरीतसुद्धा उतरले असते.

रविवार म्हणजे तिथं सण असायचा. सकाळपासून सगळी कुटुंबं चिंचणीच्या बाजूच्या वाळूवर. कोणाचं मूल कोण पुसतंय, कोणाचं तोंड कोण धुतंय याचा पत्ता नसायचा. इटालियन बाई माझ्या हातच्या पुरणपोळ्या मिटक्या मारत खायची आणि जपानी ब्रह्मचारी सगळ्यांच्या होड्यांची भोकं बुजवायचा. मला त्या माणसांचा लळा लागला, हे खोटं नाही. सासरी मी तीन वर्षं काढली होती. तिथं मला कोणी ‘बस’ म्हटलं नव्हतं.

त्यांचा एक रिवाज होता. नव्या माणसानं भर पाण्यात आपली होडी स्वतः उलटी करायची आणि स्वतःच सुलटी करून दाखवायची. त्याशिवाय तो त्यांच्यातला नाही. मी पंजाबी ड्रेस घालून, छातीला बुचांचा पट्टा बांधून, मारुतीचं नाव घेत होडी उलटवली, दोन घोट खारं पाणी प्यायले आणि वर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं मासळी घेऊन येणारी मावशी किनाऱ्यावरून बघत होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाय, आमी होडी उलटू नये म्हणून नवस बोलतो, नि तुमी मुद्दाम उलटवता? डोकी ठिकाण्यावर हायत ना?”

या मावशीबद्दल आणि साहेबांच्या बायकोबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

साहेबांच्या बायकोला सगळा गाव मडम म्हणायचा, मीही तेच म्हणते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, उंच, नाकावर कायम सोललेली कातडी. ती डावखुरी होती आणि मीही डावखुरी. लहानपणी आजीनं माझा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून ठेवला होता. सासूबाई माझ्या डाव्या हाताकडं विंचवाकडं बघावं तशा बघायच्या. मडमनं पहिल्याच दिवशी मला डाव्या हातानं दोर धरताना पाहिलं आणि आनंदानं ओरडली. म्हणाली, “देवा, अखेर एक मिळाली!” माझ्या डाव्या हाताला पाहून हसणारी जगातली पहिली बाई ती. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले.

तिनं मला गाठी शिकवल्या, तिच्या पद्धतीनं, डाव्या हाताच्या. त्यातली एक फासाची गाठ मला इतकी बसली की बोलता बोलता, न बघता मारायचे. मावशीच्या कोळी आळीतले मच्छीमारही ती गाठ मारतात, पण त्यांच्या गाठीत दोराचं शेपूट फासाच्या आत राहतं, आमच्या गाठीत बाहेर. साऱ्या किनाऱ्यावर तशी गाठ मारणाऱ्या दोघीच होतो.

मावशी चाळिशीची, आवाजानं दणकट. एक दिवसाआड पाटी घेऊन यायची आणि पायरीवर बसून मला पाणी शिकवायची. साहेबलोक छापील कोष्टक बघून भरतीची वेळ सांगायचे, मावशी तिथी सांगायची. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे मंद भरती. कोष्टक घरी विसरलं की साहेबलोक अडायचे. मावशीला तिथी विसरायची सोय नव्हती.

मी तिच्या दारात जाऊन बसायला लागले. तिच्या घरी त्या वर्षी नवं डोल जाळं विणत होते. डोल म्हणजे भलीमोठी पिशवी. ती समुद्रात रोवलेल्या खुंटांना दोरांनी बांधायची, वर तरंगायला रिकामं पिंप लावायचं आणि वाहत्या पाण्यानं ती मासळीनं भरायची. घरातला प्रत्येक माणूस हात रिकामा झाला की जाळ्याला बसायचा. मलाही हौस आली. मी एक ओळ विणली आणि मावशी हसून हसून लोळली. “सगळी घरां उलटी! डावरे, हे काय केलंस?” तिच्या लेकीनं ती ओळ उसवायला घेतली तर मावशीनं तिचा हात धरला. म्हणाली, “ऱ्हाऊ दे एक. बायची आठवण.”

लेक अठराची होती. खाडीपलीकडच्या गावात तिचं ठरलं होतं. मुलगा तिनं जत्रेत पाहिलेला आणि तिला मनापासून पसंत होता. नुसतं त्या गावाचं नाव निघालं तरी ती पदर तोंडात धरायची. लग्न वैशाखात. लग्नाची चोळी मी शिवणार होते, हिरव्या खणाची. दोन गावांत खुंट रोवायच्या जागेवरून जुनी तेढ होती. म्हणूनच ही सोयरीक मोठ्या माणसांनी जोर लावून जुळवली होती. मावशी म्हणायची, “पोरीच्या पायान वैर मिटल.”

परदेशी लोकांनी होड्या आणल्या तेव्हा आळीतली चार वडीलधारी माणसं साहेबांना भेटली होती. त्यांनी एकच मागणं केलं: खेळा, बागडा, पण जाळ्यांच्या पलीकडं जाऊ नका. साहेबांनी हातावर हात मारून शब्द दिला होता.

चैत्रात, पावसापूर्वीची शेवटची शर्यत होती, बायकांची. मी मडमच्या होडीत. शर्यतीत वळसा घालायला पाण्यात खूण लागते. आमची खूण म्हणजे नारिंगी रंगवलेला रॉकेलचा डबा. तो आदल्या रात्रीच्या उधाणात वाहून गेला होता. दुसरा डबा रंगवून आणायला कोणाला उत्साह? साहेबांनी दुर्बीण लावली, लांब एक काळं पिंप तरंगताना दिसलं आणि ते म्हणाले, “ते चालेल. त्याला वळसा घाला.”

त्या पिंपाखाली मावशीचं नवं जाळं होतं. मला ठाऊक होतं. पिंपावरची पांढऱ्या रंगाची फुली मावशीच्या नवऱ्यानं माझ्यासमोर मारली होती. मी मडमला म्हटलं, “तिथं जाळं आहे.” ती म्हणाली, “आपण काय मासे धरायला चाललोय?” आणि मी हसले. हसले, हेसुद्धा लिहिलंच पाहिजे.

आम्ही पुढं होतो. इटालियन बाईची होडी मागून चढत होती. मडमनं अगदी घासून वळण घेतलं आणि होडी गचकन थांबली. होडीच्या पोटातून एक फळी पाण्यात खाली सोडलेली असते, तिच्यात जाळ्याचा दोर अडकला. ओहोटीची ओढ जबरदस्त. मडमनं आदळू नये म्हणून हातानं पिंपाला रेटा दिला. मग कमरेचा चाकू काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काप.”

फळी वर ओढून घेतली असती तर दोर आपसूक निसटला असता. फक्त एक मिनिट गेलं असतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही, कारण तिनंच मला शिकवलं होतं. पण एका मिनिटात इटालियन बाई पुढं गेली असती.

मी कापला. डाव्या हातानं, दोन फटक्यांत. कापल्याबरोबर मला कळलं मी काय केलंय ते. पिंपाकडचं टोक धरून मी झटकन फासाची गाठ मारली, जाळ्याकडचं टोक त्यातून ओवून बांधावं म्हणून. पण ते टोक माझा तळवा सोलत पाण्यात गेलं. मडम ओरडली, “सोड ते! शीड ओढ!” मी शीड ओढलं. आम्ही पहिल्या आलो.

वाळूवर सगळे टाळ्या वाजवत होते आणि मडमनं हात वर केला. सगळे गप्प झाले. ती म्हणाली, “मी खुणेला हात लावला. कोणी पाहिलं नाही, पण मी लावला. आम्ही शर्यतीतून बाद.”

त्यांचा हा कायदा होता. खुणेला होडी किंवा हात लागला तर बाद, आणि ते ज्याचं त्यानं सांगायचं. पंच नाही, साक्षीदार नाही. इटालियन बाईनं रडून तिला मिठी मारली. साहेबांचा ऊर भरून आला. जपानी ब्रह्मचारी कमरेत वाकला. ती शर्यत हरलेल्या बाईला त्या दिवशी जेवढा मान मिळाला तेवढा जिंकणारीला मिळाला नाही. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “आणि जाळं?”

ती माझ्याकडं न समजल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, “ते शर्यतीत धरत नाहीत, वेडे.”

तिसऱ्या दिवशी जाळं खडकांवर सापडलं. एक दोर तुटल्यावर ते पिळवटून फिरलं होतं आणि त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. वर्षभराचं घरादाराचं विणकाम. पण मावशीच्या घरी जाळ्यापेक्षा दोराचं टोक जास्त हातांतून फिरलं. माशानं तोडलेला दोर पिंजलेला असतो. हा सरळ कापलेला होता. चाकूनं, माणसानं. आणि जाळी कापायचं वैर ज्यांच्याशी होतं ते गाव एकच.

लेकीचा होणारा सासरा दुसऱ्याच दिवशी होडीतून आला. ओल्या धोतरानं दारात उभा राहिला आणि समुद्राची शपथ घेऊन म्हणाला, “आमच्या गावच्या कोनी हात नाय लावला.” त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आळीतल्या एका तरण्यानं त्याच्या डोक्यावरची टोपी काढून चिखलात टाकली. म्हातारा वाकला, टोपी उचलली, पुसली नाही, तशीच घातली आणि परत गेला. हे मी बाजारातून येताना चिंचेखाली उभी राहून पाहिलं. लेक दाराआड होती. तिनंही पाहिलं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला. साहेबांनी अमेरिकेतल्या प्रशिक्षणासाठी चार नावं पाठवली होती आणि त्यात ह्यांचं होतं. पत्र यायचं होतं. हे म्हणाले, “साहेबांनी शब्द मोडला हे तू गावाला सांगणार? जाळ्यात होडी घालायला त्यांनीच लावली हे सांगणार?” मी म्हटलं, “एका पोरीचं लग्न मोडतंय.” हे म्हणाले, “तिला दुसरा मिळेल. मला दुसरं पत्र मिळणार नाही. तोंड उघडलंस तर साताऱ्याला माझ्या आईकडं पोचवून येईन, बस तिथं तांदूळ निवडत.”

सगळा दोष ह्यांच्यावर ढकलायला मला आवडलं असतं. पण सासूबाईंची नजर, उजव्या हातानं वाढणं हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी स्वतःच गप्प बसायचं ठरवलं. ह्यांनी धमकी दिली नसती तरी मी गप्पच बसले असते.

पाच-सहा दिवसांनी दुपारी मावशी आली. पाटी रिकामी. पायरीवर नेहमीसारखी बसली, पाणी मागून प्यायली. मग पाटीतून एक नवा दोर काढून माझ्यापुढं धरला.

“बाय, पाटी टांगायला जरा फास मारून दे. माजा आंगठा दुखतो.”

मी आत कढईखाली जाळ कमी करून आले होते, लक्ष तिकडं होतं. बोलता बोलता दोर घेतला, फास मारला, परत दिला. तिनं तो मांडीवर ठेवला. पाटीच्या तळाशी फडकं होतं, ते उलगडलं. आत पिंपाला राहिलेला, खारानं पांढरा पडलेला दोराचा तुकडा होता. तोही तिनं मांडीवर ठेवला, नव्याच्या शेजारी.

दोन्ही फास सारखे. दोन्हींची शेपटं बाहेर.

 मावशी ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला बरं पडलं असतं.

“सांजला पंच बसनार हायत,” ती म्हणाली. “लगीन मोडायला. तू ये. बोलू नको. कोनाचा नाव घेऊ नको. नुसती सगल्यांसमोर एक गाठ मारून दाकव. मानसां समजतील. माजी पोर पाच दिवस जेवली नाय, बाय.”

मी दारातून वसाहतीच्या रस्त्याकडं पाहिलं. कोणी नव्हतं. आणि मी म्हटलं, “मडम पण डावखुरी आहे, मावशी. तिनंच मला ही गाठ शिकवली. तिची असेल.”

त्या माणसांमध्ये जिनं माझा डावा हात पहिल्यांदा हातात घेतला, तिचं नाव मी असं घेतलं. ती पुढच्या आठवड्यात मायदेशी जाणार होती. तिचं काही बिघडणार नव्हतं हा हिशेब करूनच घेतलं. आणि मडमला पंचांपुढं कोण बोलावणार होतं? तो दरवाजाही मी बंदच केला.

मावशी मान हलवत राहिली. “मडम,” ती म्हणाली. मग दोन्ही दोर फडक्यात गुंडाळले. उठताना गुडघ्यावर हात दिला आणि म्हणाली, “जाल्यात तुजी एक ओल होती. चिंध्या उचलल्या तवा सगली ओल तुटली, पन ती तशीच होती. उलटी. मी ती ठेवली हाय.”

मी विचारलं, “चोळी? चोळी झालीय तयार.” देवाशपथ, हेच विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

ती आळीत काही बोलली नाही. का, ते मला कळलेलं नाही. वसाहतीतल्या बाईविरुद्ध दोन दोरांचा पुरावा कोण मानणार, असं तिला वाटलं असेल. किंवा माझ्या तोंडून यायला हवं होतं, तिच्या नव्हे. संध्याकाळी लग्न मोडलं. त्या वैशाखात त्या पोरीला सफाळ्याकडच्या एका बिजवराला दिली, दोन मुलांचा बाप. वरात माझ्या घरावरून गेली नाही. मावशी नंतर आमच्या रस्त्याला मासळी घेऊन आली नाही. मी बाजारात दिसले की ती पाटी उचलून दुसरीकडं बसायची, एवढंच.

पत्र आलं. श्रावणात आम्ही विमानात बसलो. हिरव्या खणाची चोळी मी ट्रंकेच्या तळाशी घातली, कारण टाकून द्यायला हात होईना आणि कोणाला द्यायला तोंड नव्हतं.

तिकडं मडमच्या गावाशेजारीच आमचं घर होतं. गावाला तळं होतं, तळ्यावर होड्या होत्या आणि तशीच रविवारी जमणारी माणसं होती. मडमनं मला पहिल्याच उन्हाळ्यात शर्यतीत उतरवलं. माझी स्वतःची होडी, शीड माझ्या हातात. शेवटच्या वळणावर माझ्या होडीची कड खुणेला घासली. नारळ हलकासा जमिनीला लागावा तेवढा आवाज. मागची होडी लांब होती. कोणी पाहिलं नव्हतं, कोणाला कधी कळलं नसतं. मी पहिली आले.

किनाऱ्यावर उतरून मी डावा हात वर केला. सगळे गप्प झाले. मी म्हटलं, “मी खुणेला लागले. मी बाद.”

केवढ्या टाळ्या वाजल्या! ह्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा. मडम धावत आली, तिच्या डोळ्यांत पाणी. तिनं मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, “आता तू खरी आमच्यातली झालीस.”

मला फार बरं वाटलं. छाती भरून आली, मीही रडले, आणि त्या सगळ्या वेळात मला मावशीची एकदाही आठवण झाली नाही.